न्यूपोर्टचे बंगले बघून आलात? अनुभव सांगा

नाशिककरांनो, मुलं बोस्टनला असली की आईवडलांची एक चक्कर न्यूपोर्टला होतेच, ऱ्होड आयलंडमधलं समुद्रकाठचं गाव, जुन्या गडगंज लोकांचे उन्हाळी बंगले. जुलैत माझे सासूसासरे जाणारेत. काय बघावं, काय सोडावं, आठवेल ते लिहा.

गंगापूर रोड
ब्रेकर्स चुकवू नका. रेल्वेवाल्या व्हँडरबिल्टांचा. आधीचा बंगला 1892 ला जळाला म्हणून हा बांधला, 1895 ला तयार, 70 खोल्या! आगीची इतकी धास्ती घेतलेली की बॉयलर घराखाली ठेवलाच नाही, लांब जमिनीखाली ठेवला आणि भुयारातून पाइप आणले. पण आमच्या सासूबाई रमल्या बाथरूममध्ये. टबाला चार नळ, गोडं पाणी गरम नि गार, आणि समुद्राचं खारं तेही गरम नि गार. म्हणाल्या, आपल्याकडे एकाच नळाला पाणी येताना मारामार. पुढची सगळी टूर त्या नळांबद्दलच बोलत होत्या, दिवाणखान्याकडे ढुंकून बघितलं नाही.

सिडको
तिकिटं स्वस्त नाहीत हो, चौघांचं डॉलरमधलं बिल रुपयात करायच्या भानगडीत पडू नका. आणि एका दिवसात तीन बंगले अजिबात नको, तिसऱ्यात सोनेरी छत बघून जांभया येतात. मला विचाराल तर मार्बल हाऊस एकटं पुरे. नवऱ्याने बायकोला 39व्या वाढदिवसाला दिलेलं घर, खर्च 1 कोटी 10 लाख डॉलर, त्यातले 70 लाख नुसत्या संगमरवराचे, 1892 ला पूर्ण झालं आणि 1895 ला बाईंनी घटस्फोट घेतला, घर मात्र स्वतःकडेच ठेवलं :) पुढे याच अल्वाबाईंनी तिथे बायकांच्या मताधिकारासाठी सभा भरवल्या. 'व्होट्स फॉर विमेन' लिहिलेल्या कपबश्या करून घेतल्या होत्या, तशा आता दुकानात मिळतात. बायकोने एक घेतली, चहा अजून मीच करतो.

इंदिरानगर
क्लिफ वॉक फुकट आहे, साडेतीन मैल, एका बाजूला समुद्र नि दुसऱ्या बाजूला बंगल्यांची मागची हिरवळ. सुरुवातीचा रस्ता चांगला, दक्षिणेकडे नुसते खडक, बाबांना चप्पल घालून नेऊ नका.

जुनं नाशिक
सगळे मालकांचंच कौतुक करताय म्हणून लिहितेय. एल्म्समध्ये नोकरांची बाजू दाखवणारी वेगळी टूर असते, ती घ्या. मालक कोळशाच्या धंद्यातले, आणि स्वतःच्याच घरात कोळसा येताना कुणाला दिसू नये म्हणून जवळच्या रस्त्यावरून भुयार खणलं, आत रुळांवरून गाडी यायची. नोकरांच्या खोल्या सगळ्यात वर, गच्चीच्या कठड्याआड अशा लपवल्यात की खालून बघितलं तर तिथे मजला आहे हेच कळत नाही. मी वाड्यात वाढले, आमच्याकडेही मागचा जिना होताच, पण माणसं नजरेला पडू नयेत म्हणून एवढा खटाटोप नव्हता बाई. आणि हा सगळा थाट उन्हाळ्याच्या सहा-आठ आठवड्यांपुरता! 1962 ला हे घर पाडायलाच निघालेले, तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेने विकत घेऊन वाचवलं.

देवळाली कॅम्प
शाकाहारींनी डबा न्या. बंदरावर जिकडेतिकडे शिंपल्यांचं सूप.

इंदिरानगर
@जुनं नाशिक, त्या टूरला जिने भरपूर आहेत ना? सासूबाईंचे गुडघे विचारूनच बुकिंग करा म्हणावं.