गैरसमज कसा मिटला? पवित्र शास्त्रातलं काय कामी आलं?

नगरची माहेरवाशीण:
रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला यहोशवाच्या पुस्तकाचा २२ वा अध्याय घेतला आणि मला आमच्या आजोबांच्या कबरीचा दगड आठवला. इस्राएलातल्या रऊबेन, गाद आणि मनश्शेच्या अर्ध्या वंशाने यार्देन नदीकाठी मोठी वेदी बांधली. बाकीच्या इस्राएली वंशांना वाटलं, हे देवाला सोडून चालले. सगळे शिलोला लढाईच्या तयारीने जमले. पण आधी फिनहास याजक आणि दहा सरदार विचारायला गेले. तेव्हा कळलं, ती वेदी होमबलीसाठी नव्हतीच! पुढे आपल्या मुलाबाळांना 'तुमचा देवाशी काय संबंध' असं कुणी म्हणू नये, म्हणून साक्ष होती ती.

आमच्याकडे काकांनी न विचारता दगड घडवायला टाकला. कुणीतरी बाबांच्या कानावर घातलं की त्यावर फक्त काकांचं नाव आहे. झालं! बोलणं बंद. नाताळात काकूने पाठवलेला करंज्यांचा डबा न उघडता परत. शेवटी आजी म्हणाली, "अरे, दगड तरी बघून ये." बाबा गेले. गोणपाट सरकवलं तर 'आपली मुले' याखाली पहिलं नाव बाबांचंच, थोरले म्हणून. तिथून सरळ काकांच्या घरी.

तुमच्याकडे असं काही? लिहा ना.

वसईवाला:
ताई, डोळे भरले. आमच्याकडे जावाजावांचं, विहिरीच्या पंपावरून. मत्तय १८:१५, आधी एकांतात जाऊन बोल. आईने दोघींना स्वयंपाकघरात बसवलं आणि बाकी सगळ्यांना अंगणात काढलं. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, कुणी आत गेलं नाही. दोघी बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल आणि भाताचा पार लगदा 😄

संध्या:
शमुवेलाची आई हन्ना!! मूल व्हावं म्हणून मनातच प्रार्थना करत होती. ओठ हलतायत, आवाज नाही, एली याजकाला वाटलं दारू प्यायलीय. याजकाचाही अंदाज चुकतो. पण तिने सांगितल्यावर तो लगेच 'शांतीने जा' म्हणाला, आपलंच खरं करत बसला नाही. नणंदेला मी गर्विष्ठ वाटायचे, हाक मारली तरी बघत नाही म्हणून. मला एका कानाने कमी ऐकू येतं. मुलगी उठली, नंतर लिहिते

पुणेकरीण:
एक सांगू? सगळे गैरसमज नसतात. मैत्रिणीला नवरा मारायचा आणि लोक तिला 'सत्तर वेळा सात वेळा क्षमा' ऐकवायचे. त्याच मत्तय १८ मध्ये लिहिलंय, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. तेवढं नेमकं कुणी वाचत नाही.

नगरची माहेरवाशीण:
अगदी बरोबर. मैत्रीण आता कशी आहे?

पुणेकरीण:
माहेरी आहे. नोकरी करते. बरी आहे.

जालन्याहून:
प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा, मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतके भांडले की वेगळ्या वाटेने गेले (प्रे. कृत्ये १५). पुढे तीमथ्याला पौलच लिहितो, मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे. मी भावाच्या फोनची वाट बघतेय. प्रार्थनेत ठेवा.

वसईवाला:
ठेवतो ताई. तुम्हीच करा की फोन, फिनहास स्वतः गेला होता.

जालन्याहून:
केलाय. उचलत नाही. वहिनीला मेसेज टाकते आज.

पुणेकरीण:
संध्या, कानाला मशीन लावलंस का गं? माझ्या वडिलांना घ्यायचंय.

संध्या:
लावलंय. नणंदच घेऊन गेली तपासायला. आधी ऐकण्याची तपासणी करून घ्या, मगच मशीन. दुकानातून तसंच उचलू नका.