बेसूर गाणाऱ्याला सांगावं का, आणि कसं?

तानपुरा_हवा
चार जण मिळून गायला बसले की एखादा हमखास बेसूर निघतो. आवाज मोठा, उत्साह त्याहून मोठा. बाकीचे हसू दाबतात, नाहीतर मुद्दाम त्याच्यावर आवाज चढवून गातात. सांगावं तर कुठल्या शब्दांत? आणि सांगून सुधारतं का, की कान उपजतच लागतो?

काळी_पाच
आवाज चढवून सूर दाखवणं आधी थांबवा. भोवती गलका वाढला की स्वतःचा गळा ऐकू येत नाही, मग तोही आणखी जोर लावतो आणि सूर आणखी हलतो. हेडफोन लावून गाणाऱ्याचं नेमकं हेच होतं. एक कान मोकळा ठेवायला सांगितलं तरी बराच फरक पडतो.

शिवाय ‘बेसूर’ म्हणताना तीन वेगळे दोष एकत्र होतात. पट्टी (गाण्याची एकूण उंची) न झेपणं, कणसूर लागणं (सूर जरासा हुकणं) आणि सूर मुळात न ओळखणं. ध्रुवपद नीट जातं पण अंतऱ्यात तार सा (वरच्या सप्तकातला सा) जवळ आला की सूर उतरतो, तर दोष पट्टीचा. कराओकेत पट्टी उणे २ किंवा उणे ३ करा; एक पायरी म्हणजे अर्धा स्वर. बाईच्या पट्टीतलं गाणं पुरुष सप्तकभर खाली घेतात आणि मंद्रात (खालच्या सप्तकात) आवाज विरून जातो. तिथून ४-५ अर्धस्वर वर सरकवलं की बहुतेक गळ्यांना बसतं.
सांगताना एवढंच पुरे: “अर्धा सूर खाली घेऊ या का?” यात माणूस वाईट ठरत नाही, पट्टी ठरते.

गुणगुण
पट्टी बदलूनही चुकत असेल तर दोन मिनिटांची परीक्षा घ्या, चारचौघांत नको. त्याच्या बोलण्याच्या उंचीजवळचा एक स्वर ‘आ’कारात ५ सेकंद धरा आणि मिळवायला सांगा. स्वर पेटीवर देऊ नका, गळ्यातून द्या. वाद्याच्या स्वरापेक्षा माणसाचा आवाज मिळवायला सोपा जातो. पुरुषाला बाईच्या सप्तकातला स्वर देणं ही नेहमीची चूक.
जमलं नाही तर उलट करा. त्याला हवा तो स्वर लावू दे, तुम्ही त्याला मिळवा. दोन आवाज एक झाले की मधली थरथर थांबते, ती त्याला ऐकवा. मग तुम्ही अर्धा स्वर सरका, तो मागून येईल. पहिल्याच दिवशी सरगम नको.

तानपुरा_हवा
सूर किती चढा-उतरा ते काट्यानं दाखवणारं ट्यूनर ॲप हातात दिलं तर? काटाच सांगेल, आपल्याला वाईटपणा नको.

गुणगुण
गाताना काट्याकडे बघणारा ऐकणं सोडतो. रेकॉर्ड करून नंतर बघा. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट; १५-२० सेंटची चूक गाण्याच्या ओघात खपते, ५०च्या पुढे कुणालाही टोचते. आणि काटा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे: नैसर्गिक शुद्ध गंधार (ग) पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो, म्हणजे तंबोऱ्याशी अचूक जुळलेला गंधारही ॲप चुकीचा दाखवेल.
स्वतःचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकताना माणूस दचकतो, कारण एरवी आपला आवाज हाडांमधूनही कानात पोचतो. तो धक्का बेसूरपणाचा समजू नये.

मुखडा_विसरलो
वरच्या सगळ्याशी सहमत, पण एक राहिलं. कुणी नुसतं स्वयंपाक करताना गुणगुणत असेल तर परीक्षा कसली घेता? विचारल्याशिवाय बोलू नये. कार्यक्रम ठरला असेल तर मात्र गप्प बसणं हा अन्याय आहे. निदान दोन आठवडे आधी, एकट्याला गाठून, नेमकी ओळ दाखवून सांगा. “तुझा सूर नाही लागत” ऐकून कुणी काय सुधारणार? “दुसऱ्या ओळीत पंचम (प) उतरतोय” म्हटलं तर तेवढीच ओळ घोटता येते.

काळी_पाच
उपजत कानाबद्दल: सूर खरोखरच न कळणारे लोक असतात, पण थोडे, शंभरात दोन-चार धरा. अशांना अर्ध्या स्वराएवढा फरकही चटकन कळत नाही. बाकीच्यांना दुसऱ्याची चूक लगेच ऐकू येते, फक्त गळा हुकमी वळत नाही. म्हणून आधी दोन स्वर गाऊन दाखवा आणि वरचा कुठला ते विचारा. उत्तर बरोबर आलं तर रोज दहा मिनिटं तंबोऱ्यावर नुसता सा. चुकलं तर सूर पकडायला लावू नका, टाळ द्या हातात. तालाचं अंग बहुधा शाबूत असतं.