सी अर्चिनची शेती: मच्छीमारांचा धंदा की मच्छीमारांच्या नावावरचा धंदा?

भरतीओहोटी:
सी अर्चिन म्हणजे तो काटेरी गोळा, समुद्रातलं साळिंदर म्हणा हवं तर. त्याच्या पोटात केशरी रंगाच्या पाच फाका असतात, बोलताना आपण गाबोळी म्हणतो पण खरं तर त्या जननग्रंथी, जपानमध्ये यालाच उनी म्हणतात आणि चांगल्या उनीला भरपूर भाव मिळतो. आता बऱ्याच समुद्रांत झालंय असं की अर्चिन बेसुमार वाढले आणि त्यांनी केल्पची म्हणजे त्या उंच समुद्री शेवाळाची जंगलंच्या जंगलं फस्त केली. उत्तर कॅलिफोर्नियाचं बघा, २०१३ पासून तारामाशांवर रोग आला, अर्चिन खाणारा सनफ्लॉवर तारामासा जवळजवळ नाहीसा झाला, वर २०१४ ते २०१६ पाणी तापलेलं, आणि बुल केल्प ९० टक्क्यांहून जास्त गेलं. केल्प गेलं म्हणून अ‍ॅबलोनी, म्हणजे खाण्याच्या मोठ्या समुद्री गोगलगायी, उपाशी मेल्या, २०१८ ला रेड अ‍ॅबलोनी पकडणंच बंद करावं लागलं. अर्चिन मात्र मरत नाहीत हो, वर्षानुवर्षं उपाशी जगतात. असा एखादा फोडला की तपकिरी पाणी सांडतं आणि कवचाला आतून दोऱ्याएवढी रेघ चिकटलेली दिसते, बस्स. त्याला कोण घेणार?

तर उपाय असा की हेच रिकामे अर्चिन डायव्हरनी वेचायचे, टाक्यांत ठेवून दोनेक महिने खाऊ घालायचं आणि भरले की विकायचे. अर्चिनॉमिक्स नावाची कंपनी जपानात ओइता प्रांतात हेच करते. माझं म्हणणं एवढंच की हे काम मच्छीमारांच्या सोशल एंटरप्रायझेसनी, म्हणजे नफ्याबरोबर लोकांचं भलं बघणाऱ्या संस्थांनी, हातात घ्यावं. जितके जास्त अर्चिन काढाल तितका समुद्र सुधारतो आणि तितकेच पैसेही येतात, असे धंदे फार नाहीत.

हिशोबनीस:
ऐकायला छान आहे पण मला नाही पटत. तुमचा कच्चा माल काय? ओसाड झालेला समुद्रतळ. एकदा टाक्या बांधल्या, कर्ज काढलं, पंप बसवले, माणसं कामाला लावली की दरवर्षी रिकामे अर्चिन लागणारच. मग केल्प परत यावं असं कोणाला मनापासून वाटेल? शिवाय टाकीचा खर्च थांबत नाही, पाणी सतत फिरतं ठेवायचं, विष्ठा काढायची, एकाचे काटे गळायला लागले की तो लगेच बाजूला करायचा नाहीतर टाकीभर पसरतं. मेले तर नुकसान कोणाचं? कंपनीचं की टाक्या सांभाळणाऱ्या मच्छीमार कुटुंबाचं? याचं उत्तर कोणी देत नाही.

निळाई:
@हिशोबनीस, कच्चा माल संपेल ही भीती अजून खूप लांबची आहे. अर्चिनची पिल्लं आठवडेच्या आठवडे पाण्यात तरंगत फिरतात, एक खाडी साफ केली तरी दुसरीकडून येतात. खरी अडचण उलटी आहे, ती कोणी बोलत नाही. साधा डायव्हर ओसाड तळावरचे अर्चिन काढतच नाही, तो केल्पच्या कडेचे भरलेले काढतो कारण पैसे त्यांचेच मिळतात. म्हणजे नुसता बाजार असला तर जंगल वाचत नाही. टास्मानियात लांब काट्यांचे अर्चिन गरम प्रवाहाबरोबर दक्षिणेला सरकले, तिथे ते काढायला डायव्हरना किलोमागे अनुदान द्यावं लागलं, तेव्हा कुठे काम वाढलं. खाऊ घालून भरायची सोय झाली तर रिकाम्या अर्चिनलाही किंमत येते, मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

खाद्याचं म्हणाल तर जपानात कानागावामध्ये सरकारी मत्स्य केंद्राने कोबीच्या टाकाऊ पानांवर अर्चिन वाढवून दाखवलेत, ते कोबी खातात आणि भरतात सुद्धा.

खडकावरचा:
एक मिनिट, अर्चिन सगळीकडे खलनायक नाहीये. कॅरिबियनमध्ये १९८३-८४ ला डायडेमा जातीचे अर्चिन साथीने मेले आणि प्रवाळांवर शेवाळ माजलं, ते खाणारंच कोणी उरलं नाही. २०२२ ला परत तिथे मर आली. तिकडे जाऊन कोणी अर्चिन काढायची योजना मांडली तर मी पहिला विरोध करीन. तेव्हा सरसकट बोलू नका, कुठली जात आणि कुठला समुद्र ते आधी सांगा.

भरतीओहोटी:
@खडकावरचा, मान्य, मी घाईत सरसकट लिहिलं. पण जिथे अर्चिन उरलेच नाहीत तिथेही शेती उपयोगी पडलीये. फिलिपिन्समध्ये बोलिनाओला ट्रिपन्यूस्टिस जातीचे अर्चिन इतके काढले की १९९२ ला सगळं कोसळलं. मग तिथल्या विद्यापीठाच्या सागरी केंद्राने हॅचरीत बीज म्हणजे अर्चिनची पिल्लं तयार केली आणि मच्छीमार कुटुंबांनी ती किनाऱ्याजवळ पिंजऱ्यात सरगॅसम शेवाळ घालून वाढवली. पिंजऱ्यातले मोठे अर्चिन तिथेच अंडी सोडतात, म्हणजे विकायलाही होतात आणि समुद्रात पिढीही चालू राहते. ही थंड पाण्यातली जात नव्हे, थंड पाण्यातल्या अर्चिनना बीजापासून विक्रीपर्यंत काही वर्षं लागतात, ही लवकर वाढते म्हणून गरीब कुटुंबाला परवडते.

हिशोबनीस:
बोलिनाओचं मला आवडलं, कारण तिथे विद्यापीठ होतं आणि बीजाचा खर्च कुटुंबाच्या डोक्यावर नव्हता. पण विद्यापीठाचा प्रोजेक्ट संपला की? मादागास्करला गावकरी सी कुकुंबर (तळावरचा काकडीसारखा समुद्री जीव) वाढवतात त्याचं बघा ना. बीज देणारी कंपनी एक, माल घेणारी पण तीच. कुटुंबांना पैसे मिळतात हे खरं, पण भाव ठरवायच्या वेळी त्यांच्या हातात काय असतं? आणि चोऱ्या इतक्या झाल्या की रात्रीचे पहारे ठेवावे लागले. ज्याच्याकडे फक्त होडी आणि जाळं आहे त्याने रात्रभर पिंजऱ्यांवर बसायचं आणि पहाटे परत समुद्रात जायचं, हा ताण कोणी हिशोबात धरतं का? मी विरोध करतोय तो अर्चिनला नाही, जोखीम खाली ढकलण्याला आहे.

निळाई:
मग मालकीचं बोलू या ना, तुम्ही नुसतं नको नको म्हणताय. चिलेमध्ये १९९१ च्या कायद्याने मच्छीमारांच्या संघटनांना समुद्रतळाचे ठरावीक पट्टे सांभाळायला दिले, त्यातलं काढायचा हक्क त्यांचाच. तळ ज्यांच्या ताब्यात त्यांच्याशी कंपनीला नीट बोलावं लागतं. असा हक्क नसेल तर सोशल एंटरप्राइझ हे नाव पाटीवरच राहतं आणि आमचे लोक डायव्हिंगच्या रोजंदारीवर. आणि डायव्हिंग सोपं नाही, घाईत वर आलं की रक्तात बुडबुडे होतात, माणूस कायमचा लंगडा होतो. जादा खेपा मारायला लावणारी पैसे द्यायची पद्धत मुळात ठेवूच नये.

खडकावरचा:
@निळाई, बरोबर. पण गिऱ्हाईक कुठलं? सगळा डोलारा मुख्यतः एका देशाच्या, जपानच्या, महागड्या खाण्यावर उभा. तिथे भाव पडला, किंवा जपानातल्या होक्काइदोला २०२१ ला आलं तसं रेड टाइड, म्हणजे सूक्ष्म शेवाळ माजून पाणी घातक होणं, इथे आलं, तर हाती काय?

भरतीओहोटी:
म्हणूनच मी म्हणतोय की मासेमारी सोडून यात उडी मारू नका, जोडधंदा ठेवा. करार करताना तीन गोष्टी कागदावर हव्यात: टाकीत मेलेल्या मालाचं नुकसान खाद्य देणाऱ्याने अर्धं उचलायचं, अर्चिन काढायचे पैसे वजनावर, भरण्यावर नाही, कारण भरणं डायव्हरच्या हातात नसतं, आणि दरवर्षी तळाची मोजणी. ज्या पट्ट्यात केल्प परत उगवलं तिथे काढणं थांबवायचं आणि तरी त्या वर्षाचे पैसे गावाला द्यायचे. हे ऐकल्यावर @हिशोबनीस तुमचा पहिला आक्षेप सुटतो की नाही?

हिशोबनीस:
तिसरी गोष्ट कंपनी लिहून देईल त्या दिवशी मी येऊन टाक्या धुवायला मदत करीन. मोजणी कोण करणार ते पण लिहा, कंपनीचा माणूस नको.