मदत हवी आहे : 1915 चं जर्मन फोटो-पोस्टकार्ड, रेजिमेंट कशी ओळखायची?

मंडळी, जुन्या टपालाच्या गठ्ठ्यात हे पोस्टकार्ड मिळालं. फेल्डपोस्टचं, म्हणजे जर्मन लष्करी टपालाचं आहे, म्हणून तिकीट नाही. आघाडीवरच्या सैनिकांचं टपाल फुकट जायचं. गोल शिक्क्यात 1915 वाचता येतं. शेजारचा तुकडीचा शिक्का, ज्यावरून सगळं उलगडलं असतं, नेमका तोच पुसट आहे.

फोटोत एक अगदी कोवळा शिपाई आहे. टोकदार शिरस्त्राणावर कापडी खोळ, खोळीवर रेजिमेंटचा आकडा. पहिला 2 स्पष्ट, पुढचा 3 की 8 ते ठरत नाही. वर 'आर' अक्षर असावं. तसं असेल तर ही राखीव रेजिमेंट, आणि शोधाची दिशाच बदलते. खोळीने समोरचं चिन्ह झाकलंय, त्यामुळे तो जर्मनीतल्या कुठल्या राज्याच्या सैन्यातला, प्रशियन की बव्हेरियन, हेही कळत नाही. बाहीच्या बटणांवरून काही सांगता येईल का?

मागचा मजकूर पेन्सिलीने, कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत. तिच्यात 'ई' (e) आणि 'एन' (n) ही अक्षरं जवळपास सारखेच दिसतात. 'प्रिय आई' एवढंच लागलं. खाली सही आहे. आईला लिहिणारा हा मुलगा निनावी राहू नये असं फार वाटतं.

कुरेंट वाचणारं कुणी आहे का? दोन्ही बाजूंचे मोठे स्कॅन लगेच पाठवते.