राहायला विंडसर, नोकरी डिअरबॉर्नला: रोज नदी ओलांडणं झेपेल का?

नोवीकर

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिशिगनमध्ये नोवीला राहतो. मी मूळचा चिंचवडचा, गाड्यांच्या ब्रेकमध्ये काम करतो, ऑफिस डेट्रॉइटशेजारी डिअरबॉर्नला. एच-१बी या कामाच्या व्हिसाचं पाचवं वर्ष चालू आहे. ग्रीन कार्डाचं काम कंपनीने आत्ता कुठे हातात घेतलंय, त्यातली आय-१४० ही अर्जाची पायरी व्हायची आहे. त्यामुळे बायकोला एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ती आर्किटेक्ट आहे. चार वर्षांत तिने घरातल्या फर्निचरची जागा इतक्या वेळा बदलली आहे, की रात्री पाणी प्यायला उठलो की मी कशाला तरी धडकतोच.

कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, दोन वर्षांपूर्वी मिळालं. तिकडे जाऊन लँडिंगची नोंद करून चार दिवसांत परत आलो. पाच वर्षांत ७३० दिवस तिकडे काढायचे असतात, आमची पाटी जवळजवळ कोरीच आहे. म्हणून विचार असा, की डेट्रॉइट नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला घर भाड्याने घ्यायचं, तिने तिकडे काम शोधायचं, मुलीने तिकडच्या शाळेत जायचं आणि मी रोज पूल ओलांडायचा. नकाशावर बघितलं तर ऑफिस नोवीपेक्षा विंडसरहूनच जवळ पडतं!

मी दिवसभर अमेरिकेत आणि फक्त झोपायला कॅनडात असलो, तर तो दिवस पीआरच्या हिशेबात धरतात का? टॅक्स दोनदा भरावा लागतो का? आणि खरं सांगा, रोज इमिग्रेशनसमोर उभं राहायची सवय होते का हो? मला अजून विमानतळावरसुद्धा घाम फुटतो.

पुलावरचा

२०१६ पासून हेच करतोय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या जिव्हाळ्याचं. दिवस धरतात. दिवसाचा काही भाग जरी कॅनडात गेला तरी तो दिवस तुमच्या खात्यात. सकाळी सातला गेलात, संध्याकाळी सहाला आलात, दिवस पूर्ण. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १०९५ दिवस लागतात, तेही मी असेच भरले, रोज अमेरिकेत नोकरी करून. फक्त पुरावा ठेवा. भाडेकरार, विजेची बिलं, मुलीचे शाळेचे कागद, सगळं एका फायलीत.

उलट एच-१बीवर जी सहा वर्षं मिळतात त्यांतून वजा होतात ते फक्त पूर्ण चोवीस तास अमेरिकेबाहेर काढलेले दिवस. म्हणजे कामाचे वार वजा होत नाहीत, पण विंडसरमधले शनिवार-रविवार होतात. मुदतवाढ मागताना ते परत मागता येतात. तुमचं पाचवं वर्ष आहे म्हणून मुद्दाम सांगतो. मी किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहितात तसं, लिहून ठेवायचो. शेवटी वकिलाने त्याच्याच झेरॉक्स मागितल्या.

पासपोर्टातला व्हिसा संपू देऊ नका. आणि आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवरची, मुदतीची तारीख दर वेळी बघा. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर तीच तारीख टाकतात, आणि माणूस कंपनीच्या एच-१बी अर्जाच्या (पिटिशनच्या) तारखेवर विसंबून निवांत राहतो. माझ्या ओळखीत एक जण असाच तोंडघशी पडता पडता वाचला.

आता रस्ता. माझ्या सवयीच्या जुन्या वाटा दोन. अँबॅसिडर ब्रिज हा १९२९ चा, आणि तो चक्क खासगी मालकीचा आहे. बोगदा १९३० चा, तो डाउनटाउनमधून डाउनटाउनमध्ये निघतो. डिअरबॉर्नसाठी पूल सोयीचा, पण विंडसरच्या बाजूला ह्युरॉन चर्च रोडवर ट्रकांची रांग लागली की आपण त्यांच्यात लिंबू-टिंबू. एक गंमत म्हणजे इथे डेट्रॉइट उत्तरेला आणि विंडसर दक्षिणेला आहे. अमेरिकेत जायला उत्तरेकडे गाडी हाणायची, हे पहिले सहा महिने माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

नकाशातलं अंतर विसरा. चांगल्या दिवशी मी दारापासून दारापर्यंत पस्तीस मिनिटांत पोचतो, वाईट दिवशी दोन तासही लागलेत, आणि आजचा दिवस कुठला हे पुलावर चढल्याशिवाय कळत नाही. साडेआठची मीटिंग मी कधीच घेत नाही. साहेबाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, तुम्हीही सांगा. फेब्रुवारी २०२२ मध्ये आंदोलकांनी पूल जवळपास आठवडाभर अडवला होता. तेव्हा सगळं गाव बोगद्याकडे वळलं. उरलेले सार्नियाच्या पुलावरून, म्हणजे पुण्याहून मुंबईला नाशिकवरून जाण्यातला प्रकार.

नेक्सस कार्ड काढा, वारंवार सीमा ओलांडणाऱ्यांसाठी असतं ते. पाच वर्षांचे १२० अमेरिकन डॉलर, मुलाखत होते, वेळ लागतो. वेगळी लेन मिळते, पण गाडीतल्या प्रत्येकाकडे कार्ड हवं. सहकाऱ्याला लिफ्ट दिलीत की गेलात साध्या रांगेत.

घामाचं म्हणाल, तर सवय होते, पण पूर्ण नाही. प्रश्न ठरलेले. कुठे चाललात, काय काम करता, गाडीत काय आहे. डब्यातल्या भेंडीच्या भाजीला कोणी हात लावत नाही. पण पहिल्या वर्षी आम्ही रविवारी मिसिसागाहून वाणसामान आणलं आणि डिकीत कढीपत्त्याची जुडी राहून गेली. ताजा कढीपत्ता अमेरिकेत न्यायला बंदी आहे, लिंबूवर्गीय झाडांना रोग पसरवणारी कीड त्याच्यावर वाढते. मी बेधडक 'काही नाही' म्हणालो, गाडी बाजूला घ्यायला लावली, आणि तासाभराने डिकी उघडल्यावर तो अधिकारी ती जुडी दोन बोटांत धरून उभा! दंड झाला नाही, समज मिळाली. तेव्हा नेक्सस असतं तर ते गेलंच असतं. तेव्हापासून रविवारी रात्री डिकी झाडतो. आमच्याकडे तेवढा एक सोवळ्याचा नियम आहे.

कॅनडाचा नागरिक झाल्यावर मी टीएन या अमेरिकेतल्या कामाच्या परवान्यावर गेलो. कॅनडातून ते घ्यायला तिथलं नागरिकत्व लागतं, पीआरवर मिळत नाही. कंपनीचं पत्र आणि पदवी दाखवून थेट सीमेवर होतं, एका वेळी तीन वर्षांपर्यंत. पुणे विद्यापीठाचं प्रमाणपत्र अजून गाडीच्या कप्प्यात असतं. बाबांनी फ्रेम करून दिलं होतं, मी फ्रेमवाल्याकडून उघडून आणलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही. मात्र टीएनवर ग्रीन कार्डाची वाट धरणं अवघड जातं. तुम्हाला शेवटी कुठल्या काठावर राहायचंय हे आधी घरात बोलून घ्या.

हिशेबनीस

पुलावरच्या भाऊंना अनुमोदन. टॅक्सचं मी सांगते, मी विंडसरला लोकांचे रिटर्न भरते.

दोनदा नाही, पण दोन्हीकडे भरायचा. पगारातून अमेरिका कापते, मिशिगन ४.२५ टक्के घेतं, ऑफिस डेट्रॉइट शहराच्या हद्दीत असेल तर शहराचे १.२ टक्के वेगळे. डिअरबॉर्नला हा शहरकर नाही. मग कॅनडात जगभरातलं उत्पन्न दाखवायचं आणि तिकडे भरलेल्याची वजावट घ्यायची. ओंटारियोचा दर जास्त असल्याने फरक बहुतेकांना भरावा लागतो. पुढच्या वर्षापासून तो तिमाही हप्त्यांत मागतात. पहिल्या एप्रिलला लोक माझ्यासमोर रडकुंडीला येतात, कारण हातात आलेला पगार आपलाच समजून खर्च झालेला असतो. दर महिन्याला थोडे बाजूला टाका.

रोज येणं-जाणं करणाऱ्याचे दिवस करासाठी रहिवासी कोण हे ठरवण्याच्या अमेरिकेच्या १८३ दिवसांच्या हिशेबात सहसा धरत नाहीत, म्हणून अनिवासींचा फॉर्म १०४०-एनआर भरावा लागतो. त्यात बायकोबरोबर एकत्र रिटर्न भरता येत नाही आणि स्टँडर्ड डिडक्शनही मिळत नाही. ४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, बंद करू नका, त्याची वजावट कॅनडात आरसी२६८ फॉर्मवर मिळते.

आणि घरून काम! आठवड्यात दोन दिवस विंडसरच्या टेबलावरून काम केलंत, तर त्या दिवसांचा पगार कॅनडातली कमाई ठरतो आणि सगळी वजावट विस्कटते. कंपनीला आधी विचारा.

सीमेवरची आई

माझा नवरा चार वर्षं ये-जा करत होता. एकच सांगते. शाळेत आणीबाणीसाठी तुमचा नंबर पहिला देऊ नका. मुलीला ताप आला आणि बाबा पुलावर अडकलेला, हे आमच्याकडे दोनदा झालं. आम्ही शेजारच्या लेबनीज काकूंचा नंबर दिला होता. त्या मुलीला घरी नेऊन सूप पाजायच्या. पुढे मुलगी ताप नसतानाही त्यांच्याकडे जायला लागली.

आणि नदीकाठी घर घेतलंत तर फोन मधूनच अमेरिकेचं नेटवर्क पकडतो. रोमिंगचं बिल येईल, प्लॅन बघून घ्या.

नोवीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने हे सगळं मोठ्याने वाचून दाखवायला लावलं, कढीपत्त्याचं दोनदा. या शनिवारी विंडसरला घरं बघायला जातोय. परवाच्या खरेदीतली एक जुडी आमच्याही डिकीत निघाली.

पुलावरचे भाऊ, कंपनीकडून कॅनडातल्या पत्त्याचं पत्र आधी घ्यावं की घर ठरल्यावर?

पुलावरचा

घर ठरल्यावर. भाडेकरारावर दोघांची सही घ्या. आणि शनिवारी दुपारी परत येऊ नका, रात्री नऊनंतर निघा.