पांढऱ्या पोटाचा काळा सुतारपक्षी: घरटं करतो तरी कुठे?

रानवेडा: सिंधुदुर्गातल्या तिलारीच्या जंगलात परवा दिसला, कावळ्याहून मोठा, काळाभोर, डोक्यावर लाल तुरा आणि पोट पांढरं. हा महाराष्ट्रात कुठवर सापडतो? विणीचा सीझन कधी?

सह्याद्रीकर: नशीबवान आहात! गालावर लाल पट्टा होता का? असेल तर नर, मादीला नुसता मागे लाल तुरा. आपल्याकडे सह्याद्रीत, खाली गोवा, दांडेली करत केरळपर्यंत, आणि भारताबाहेर थेट फिलिपिन्सपर्यंत आहे हा. वीण साधारण जानेवारी ते मे, म्हणजे पावसाच्या आधी, अंडी बहुतेक दोनच.

ढोली: त्याला सदाहरित नाहीतर दमट पानझडीचं जुनं जंगल लागतं, आणि त्यातही मोठी वठलेली झाडं, बऱ्याचदा नदीकाठची, कारण तिथंच तो ढोली (घरट्यासाठी खोडातली पोकळी) कोरतो आणि सालीखालच्या मुंग्या, अळ्या खातो. लोक वठलेलं झाड म्हणजे सरपण समजून तोडतात ते बघून जीव तुटतो हो, त्याच्या जुन्या ढोलीत नंतर दुसरे पक्षीपण घरटं करतात!

रानवेडा: पट्टा होता, म्हणजे नरच! वठलेल्या ऐनाच्या झाडावरच बसलेला. ढोली दिसलीच तर लांबूनच बघीन, आणि त्याला त्रास नको म्हणून जागा इथे टाकणार नाही.