छंदासाठी वेल्डिंग: आर्क, मिग की टिग?

प्रश्न (कांदोळी): फाटकाची डागडुजी आणि मोगऱ्याचा मांडव, एवढेच घरी करायचे आहे. पाइप 25 बाय 25 चे, 1.6 ते 2 मिमी जाडीचे. काम पडवीत होणार, तिथे समुद्राचा वारा सतत. सिंगल फेज, 16 अँपिअरचा एकच पॉइंट. कोणती पद्धत शिकू?

उत्तर (मडगाव): आर्कच शिका, म्हणजे आवरण असलेल्या रॉडने करायचे वेल्डिंग. मिगमध्ये रॉडऐवजी सलग वायर येते आणि गॅस जोड झाकतो; तो गॅस सेकंदाला 2 मीटरच्या वाऱ्यानेही उडतो आणि जोडात बारीक भोके राहतात. टिगला (टंगस्टनच्या टोकाची, तीही गॅसची पद्धत) तर आडोसा लागतोच, शिवाय पत्रा अगदी स्वच्छ हवा. 200 अँपिअरचा वेल्डिंग इन्व्हर्टर घ्या, पण त्या पॉइंटवर तो पूर्ण चालवू नका. 80 अँपिअरवर वेल्डिंग करताना मशीन साधारण 13-14 अँपिअर ओढते, तेवढे तुम्हाला पुरते. लांब, बारीक वायरचे एक्स्टेन्शन टाळा, व्होल्टेज पडते आणि रॉड चिकटत राहतो. पॉइंटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

पाइपला लगेच हात लावू नका. आधी 5-6 मिमीच्या लोखंडी पट्टीवर 2.5 मिमीचा 6013 रॉड (6013 हा रॉडचा प्रकार), 75-80 अँपिअर. रॉडचे टोक आणि पट्टी यांत रॉडच्या जाडीएवढेच अंतर, रॉड ओढण्याच्या दिशेने 15-20 अंश कललेला. नजर प्रकाशावर नको, मागच्या वितळलेल्या लोखंडावर हवी. स्लॅग (रॉडच्या आवरणाचा वितळून वर साचणारा थर) आणि वितळलेले लोखंड वेगळे ओळखता आले की निम्मे शिकून झाले. रॉड चिकटतो तेव्हा करंट कमी असतो. कडेला खाच पडते तेव्हा करंट जास्त किंवा अंतर लांब.

उत्तर (फोंडा): 1.6 मिमीला 2.5 चा रॉड नवख्याच्या हातात भोक पाडणारच. 2 मिमीचा रॉड, 40-55 अँपिअर, होल्डर (रॉड धरायचा चिमटा) निगेटिव्हला. आधी चारही कोपरे टॅक करा (छोट्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडा), मग 15-20 मिमीचे वेल्डचे तुकडे समोरासमोर आलटूनपालटून. सलग ओढलात तर चौकट वाकडी होते.

मिगच हवी असेल तर बिनगॅसची फ्लक्स-कोअर वायर (आत आवरणाची पूड भरलेली) चालेल, 0.8 मिमी, वाऱ्यातही. मात्र मशीनची पोलॅरिटी (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह टोके) बदलता आली पाहिजे, कारण त्या वायरला टॉर्च (वायर बाहेर येते ती मूठ) निगेटिव्ह लागते.

प्रश्नकर्ता: पावसात रॉड दमट झाले तर? आणि पाइप जीआय (जस्ताचा थर दिलेला) असला तर?

उत्तर (मडगाव): 6013 सुमारे 100-120 अंशांवर तासभर वाळवा आणि हवाबंद डब्यात ठेवा. 7018 या दुसऱ्या प्रकारच्या रॉडला मात्र 300 अंशांच्या वर तापवावे लागते, तेवढ्या उष्णतेत 6013 चे आवरण खराब होते. तुमच्या कामाला 7018 नकोच.

जीआयचा जस्ताचा थर जोडापासून दोन्ही बाजूंना 25 मिमी तरी, शक्य तिथे आतूनही, ग्राइंडरने काढा. तापलेल्या जस्ताची पांढरी वाफ श्वासात गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. वारा पाठीकडून किंवा बाजूने घ्या, श्वसनाचा मास्क लावा. हेल्मेट ऑटो-डार्कनिंग, काच 10 किंवा 11 नंबरची. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, नायलॉन अजिबात नाही.

उत्तर (फोंडा): एक राहिले, आणि किनाऱ्यावर तेच जास्त महत्त्वाचे. स्लॅग पूर्ण ठोकून तारेच्या ब्रशने घासा आणि त्याच दिवशी झिंक प्रायमर मारा. स्लॅग राहिला तर ओल धरतो आणि रंग तिथूनच सुटतो. पाइपची उघडी तोंडेही टोपी लावून वेल्ड करा, नाहीतर खारी हवा आतून गंज धरवते.